ठरावाआधीचे पाच आठवडे

रविवार, ३ डिसेंबर १९७२

‘खुर्च्ये उचलूक माणसां गावतत, वाचून दाखवूक गावनत नाय. चेडवाक धाडा.’ गिरणीतल्या तात्यांनी त्यांच्या मालवणीत बाबांना सांगितलेलं हे वाक्य; चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. तेव्हा अठरा वर्षांची, दाराआड उभी. दुसऱ्या दिवसापासून गिरणी कामगारांच्या चाळीत रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवायला जाऊ लागले. दुसऱ्या कुणाचं बाबांनी ऐकलं नसतं. पुढचं सगळं, पक्ष, सभा, लिहिणं, माधवशी लग्नसुद्धा, त्या पेपरवाचनातून आलं.

आज आठवायचं कारण वॉर्ड कमिटी. महापालिकेच्या निवडणुकीसाठी आपल्या वॉर्डातून पक्षाने कुणाला उभं करायचं ते नाव आम्ही ठरवून वर पाठवायचं. दोन नावं आली. एक तात्या. दुसरं हिराबाई, वेसाव्याच्या कोळीवाड्यातली मासळीवाली. निर्णय ७ जानेवारीच्या बैठकीत. कमिटीत आम्ही पंधरा, तात्याही त्यांत. मी चिटणीस, म्हणजे पंधरांतली एक, शिवाय लिहून घेणारी.

जिना उतरताना तात्यांनी कठड्याला धरून, मागे न बघता विचारलं, ‘सुमती, ह्या टायमाक तू आसस मां?’

‘हो, तात्या.’

मी विचार न करता म्हणाले. घरी येऊन भाजी चिरायला बसले तेव्हा कळलं की आपण कशाला तरी हो म्हणून आलो आहोत.


मंगळवार, ५ डिसें.

इतिवृत्ताची जुनी वही काढली. मागच्या दोन्ही निवडणुकांच्या वेळी तात्यांचं नाव आलं होतं. दोन्ही वेळा दुसऱ्याचं ठरलं. एकदा एका डॉक्टरांचं, कारण ‘त्यांना सगळे ओळखतात’. एकदा कर्णिकांच्या मेहुण्याचं, कारण मला आता आठवत नाही. कर्णिक म्हणजे आमचे अध्यक्ष, तेव्हाही आणि आताही.

दोन्ही पानांवर माझं अक्षर. ‘ठराव सर्वानुमते संमत.’ अनुमोदक म्हणून दोन्ही ठिकाणी तात्यांचीच सही.

आमच्या वॉर्डात मतदान होत नाही याचा आम्हांला अभिमान आहे. दुसऱ्या वॉर्डांत हात वर होतात, चिठ्ठ्या पडतात, भांडणं होतात, माणसं पक्ष सोडून जातात. आमच्याकडे अध्यक्ष एक नाव घेतात, ‘कुणाची हरकत?’ विचारतात, पंख्याचा आवाज ऐकू येतो, मग चहा येतो. ज्याचं नाव गळलं त्याला अनुमोदन द्यायला सांगतात, म्हणजे कटुता राहत नाही. नवीन सभासदांना ही पद्धत मीच कौतुकाने समजावून सांगत आले.

तात्यांनी दुसऱ्या खेपेला सही केली तेव्हा पेन माझंच घेतलं होतं. शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसले होते.


शुक्रवार, ८ डिसें.

सकाळी हिराबाई. पाटी दारात उतरवली, पण आज मासळी दाखवलीच नाही.

‘बाय, तू कुनाची?’

‘कुणाची म्हणजे?’

‘म्हाताऱ्याची का माझी?’

मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. ती हसली. ‘म्हाताऱ्याची असशील तर सांग. मी रागावनार नाय. बोंबील तेवढे लहान देईन.’

मग खरं काम निघालं. २४ तारखेला शाळेच्या हॉलमध्ये दोघांनी कमिटीसमोर आणि सभासदांसमोर पाच पाच मिनिटं बोलायचं ठरलं आहे. तिला ‘लिहून पायजे’. पत्रकं, अर्ज, निवेदनं, वॉर्डातलं सगळं मी लिहिते, तसंच हेही. मी हो म्हणाले. एका आठवड्यात दोन हो.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट अजून सगळे सांगतात. कोळीवाड्याचं पाणी आठ दिवस बंद. हिराबाई तीसेक बायकांना घेऊन पाण्याच्या कचेरीत गेली. साहेब म्हणाले, पाऊस झाला नाही, तलावातच नाही तर मी कुठून देऊ. हिने ओल्या बोंबलांची पाटी त्यांच्या टेबलावर, फायलींवर ठेवली. ‘साहेब, तलावात नाय तर नाय. हे धुवून द्या, आम्ही जाताव.’ संध्याकाळी टँकर आला. मी तिथे नव्हते, शाळेत शिकवत होते. पण ऐकून ऐकून आता पाहिल्यासारखं वाटतं.


रविवार, १० डिसें.

कर्णिक भेटले. दुकानात, रॉकेलच्या रांगेत. रांगेत उभं असलेल्या माणसाला पळून जाता येत नाही.

‘हिराबाई उत्तमच हो. हिरा आहे अगदी. पण या खेपेला तात्यांना देऊ या. म्हातारा किती दिवस थांबणार? तिला पुढच्या वेळी.’

मी म्हटलं, तात्यांनाही आपण दोनदा हेच सांगितलं होतं.

‘म्हणून तर. आता त्यांचं पुढच्या वेळी आलं ना.’

कोळीवाड्याचे दोघे कमिटीत आहेत, तेही हरकत घेणार नाहीत म्हणे. त्यांना दुसरा नळ आणून देऊ असं सांगितलंय. कोण आणणार ते नाही सांगितलं.

घरी येऊन मा.ला, माधवला, म्हटलं, ‘कर्णिकांना तात्या हवेत कारण तात्या त्यांचं ऐकतील.’ मा. म्हणाला, ‘आणि तुला?’

मला तात्या हवेत कारण त्यांचं देणं लागते. हिराबाई हवी कारण ती काम करील. दोन्ही कारणं एकाच तराजूत घालता येत नाहीत. रॉकेल शेवटी मिळालंच नाही.


बुधवार, १३ डिसें.

सहामाहीचे पेपर तपासायचे पडलेत. संपादकांचं पत्र आलं, कथेचं काय झालं. कथेचं काही झालेलं नाही.

दोघांचाही परिचय लिहायला घेतला. समतोल राहावा म्हणून दोघांनाही सारखं एकेक पान द्यायचं ठरवलं होतं. तात्यांचं चार ओळींत संपलं. जन्म मालवणजवळ. गिरणीत एकवीस वर्षं. दोनदा तुरुंगवास. पक्षाचे सभासद अमुक सालापासून. पुढे काय लिहायचं? सतरंज्या घातल्या. कंदील धरले. दुसऱ्यांच्या मिरवणुकीत चालले. हे परिचयात बसत नाही.

हिराबाईचं मात्र लिहिता लिहिता दोन पानं झाली. ‘समुद्राच्या लाटांशी झुंजणाऱ्या श्रमिक स्त्रीची ही कहाणी’ असं सुरू केलं. हेच तिला हॉलमध्ये बोलायला द्यायचं ठरवलं. लिहिताना आनंद झाला. महिन्यात पहिल्यांदा.


शनिवार, १६ डिसें.

मा.ला वाचून दाखवलं. त्याने चष्मा काढून ऐकलं, म्हणजे नीट ऐकलं.

‘छान आहे. पण ही बाई कोण?’

‘हिराबाई.’

‘आपल्याला शनिवारी पापलेट देते ती?’

मला राग आला. फॅक्टरीत मशीनचे भाग मोजणाऱ्याला भाषेतलं काय कळतं, असं बोलूनही गेले. तो चष्मा लावून रेडिओ दुरुस्त करायला बसला. जेवताना पापलेटच होतं.


मंगळवार, १९ डिसें.

तीन दिवस हिराबाई बाजारात जाण्याआधी येते. तिला जेमतेम सही करता येते, म्हणून मी वाचते, ती म्हणते. स्मरणशक्ती जबर. पहिलं पान पाठ. मी मध्ये मध्ये तिचे उच्चार सुधारते. ‘वंचित’ शब्दाशी अडते.

‘बाय, वंचित म्हणजे?’

‘ज्याला मिळायला हवं ते मिळालेलं नाही असा.’

‘मग तसंच बोलू?’

मी म्हटलं, नको, हाच शब्द चांगला आहे. हॉलमध्ये वकील असतील, प्राध्यापक असतील.

ती मान डोलावून पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. तिची पाटी दारात, मासळीवर ओलं फडकं. आज तिला बाजारात पोचायला उशीर झाला.


शनिवार, २३ डिसें.

उद्या. ती लुगडं कुठलं नेसू विचारत होती. मी पांढरं सांगितलं.


रविवार, २४ डिसें.

हॉल भरलेला. साठ-सत्तर सभासद, पुढच्या रांगेत कमिटी.

आधी तात्या. कागद घेतला नाही. जुन्या संपाबद्दल बोलू लागले, कोण कोण होते त्यांची नावं घेत. एका नावापाशी थांबले. आठवेना. बराच वेळ छताकडे बघत राहिले, मग ‘असो’ म्हणून खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या.

मग हिराबाई. पांढऱ्या लुगड्यात मला ती कुणी दुसरीच वाटली. ‘समुद्राच्या लाटांशी झुंजणाऱ्या’ पासून सुरुवात, शुद्ध, स्पष्ट, माझ्याच आवाजात. दुसरं वाक्य. तिसरं. चौथ्याला अडली. परत तिसऱ्यावर गेली, पुन्हा तिथेच अडली. मी पुढच्या रांगेतून ओठ हलवत होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मागे कुणीतरी हसलं, मग आणखी कुणीतरी. ‘नंतर बोलते’, एवढं म्हणाली आणि स्टेजच्या पायऱ्या उतरली.

दोघंही अडले. एकाला टाळ्या मिळाल्या.

कर्णिक माझ्याजवळ वाकून म्हणाले, ‘बरं झालं आधीच कळलं. महापालिकेत हसू झालं असतं.’

मी त्यांना म्हणायला हवं होतं की ते शब्द माझे होते. तिथे, सगळ्यांसमोर. मी खुर्च्या मोजत बसले.

फाटकापाशी हिराबाई भेटली. रागावली असती तर बरं झालं असतं. ‘बाय, तू लय मेहनत केलीस. माझ्या तोंडान ते बसलं नाय.’


सोमवार, २५ डिसें.

नाताळची सुट्टी. पेपर तपासले. एका मुलीने निबंधात ‘माझी आई’ म्हणून पुस्तकातली आई जशीच्या तशी उतरवली आहे. तिची आई आमच्या शाळेतच झाडू मारते, सगळ्यांना माहीत आहे. दहापैकी किती द्यायचे ते ठरेना. लाल पेन्सिल घेऊन तशीच बसले.


मंगळवार, २६ डिसें.

मा. म्हणाला, ‘जाऊन सांग ना तिला.’ काय सांगू? ‘जे झालं ते.’ त्याच्या तोंडी सगळं किती सोपं असतं. आणि बहुतेक वेळा ते खरं असतं, हाच वैताग.


गुरुवार, २८ डिसें.

बसने वेसाव्याला गेले. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा. नळावर भांडण चाललेलं. एकीचे चार हंडे, दुसरी म्हणते दोनच भरायचे. हिराबाई मध्ये उभी, पदर खोचलेला. आवाज चढवला नाही. पहिलीला म्हणाली, ‘तुझी सून बाळंतीन हाय ना? मग तीन घे. चौथा उद्या.’ दुसरीला म्हणाली, ‘तुझ्या घरान दोनच मानसं. तोंड किती मोठं करशील?’ रांगेतल्या बायका हसल्या, दुसरीही हसली. दोन मिनिटांत रांग पुन्हा चालू.

मी बाजूला उभी राहून बघत होते. हॉलमधल्या पाच मिनिटांत हेच सांगता आलं असतं. तिला कुणी नुसतं विचारलं असतं, बाई, तुमच्याकडे पाणी कसं वाटता, तर सगळे ऐकत बसले असते. मी तिला कधी विचारलं नाही. मीही फक्त गोष्टच ऐकली होती, बोंबलांची आणि साहेबांच्या टेबलाची.

घरात चहा दिला. भिंतीला होडीच्या वल्ह्यांशेजारी जाड सुताचं जाळं. नवरा समुद्रावर.

मी म्हटलं, ‘चूक माझी झाली.’

‘हां, झाली.’ लगेच म्हणाली. मला वाटलं होतं नाही नाही म्हणेल. ‘तू मना विचारलंस कं, मी काय बोलनार? नाय विचारलंस. मीपन येडी. मना वाटलं, तिथं तसंच बोलावं लागतं.’

‘अजून ७ तारीख आहे.’

‘सात तारखेला मी तिथं नाय. तिथं तुम्ही पंधरा. मी काय बाहेर उभी राहून कान लावू?’ मग चहाचा कप खाली ठेवत, ‘तू बोलशील कं, तेवढं सांग. नळाचं कोन बोलनार, कर्णिक? त्याच्या घरान तर टाकी हाय.’

मी बोलेन म्हणाले. तिसरा हो. पण हा पहिल्यांदा विचार करून.

बसमध्ये अंगाला वास होता. बाजूची बाई सरकून बसली. मला मुळीच लाज वाटली नाही, आणि तसं वाटलं नाही हे लक्षात आल्यावर मग थोडी वाटली.


सोमवार, १ जानेवारी १९७३

तात्यांकडे. सांगायला गेले होते की माझं मत त्यांना नाही. सांगितलं नाही.

काकीने, तात्यांच्या बायकोने, पुढ्यात घावणे ठेवले. त्यांचा काळा कोट खिडकीत उन्हात टाकलेला. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास. ‘बटणां बदललंय’, काकी म्हणाली. ‘ह्या टायमाक तरी देतीत मां गो?’

मी घावणा मोडत राहिले.

तात्या खोकत होते. दोन जिने चढताना आता मध्ये बसावं लागतं म्हणाले. काकी आत गेल्यावर हळू आवाजात, ‘सुमती, माका म्हाईत आसा. मी काय तितको चलनारो नाय. पाच वर्सा गावली तर तीनच धावान. तरी पण होयां.’ हवं आहे, असं ते पहिल्यांदाच म्हणाले.

मी म्हटलं, ‘तात्या, मागच्या वेळी तुम्हांला वाईट वाटलं का?’ इतक्या वर्षांत हे विचारलं नव्हतं.

त्यांनी उठून कोटाची बाही सरळ केली.

‘वाईट ह्येचा वाटला, की माका कोणी नको म्हणूक नाय आणि होय पण म्हणूक नाय. सगळे जण नुसते गप. किती माझे होते, किती नाय, माका कधी कळलाच नाय. कर्णिक म्हणालो अनुमोदन देवा, मी दिलंय. दोन जरी हात वर इले असते तर त्या दोगांच्या घराक जावन मी चाय पियालो असतंय.’

त्यातला एक हात माझा असता. तो मांडीवर वही सांभाळत होता.

बाहेर पडताना काकी जिन्यापर्यंत आली. ‘बोल गो तू, तुझा ऐकतत.’

काकीला वाटतं माझं ऐकतात.


मंगळवार, २ जाने.

दिवसभर चिडचिड. शाळेत एका पोरीवर उगाच ओरडले. घरी मा.वर. तो म्हणाला, ‘तुला दोघंही हवेत आणि कर्णिक नकोत. असं मत देता येत नाही.’

यादी करून पाहिली. तात्यांच्या बाजूला: दोनदा अन्याय, वय, काकी, मी. हिराबाईच्या बाजूला: पाणी. मग लक्षात आलं, तात्यांच्या बाजूची चारही कारणं तात्यांबद्दलची आहेत. वॉर्डाबद्दलचं एकही नाही. आम्ही केलेल्या दोन चुकांची भरपाई कोळीवाड्याने का करायची?

यादी फाडून टाकली. पण ती पाठ झाली आहे.


बुधवार, ३ जाने.

संध्याकाळी कर्णिकांचा निरोप, मग स्वतःच आले. चहा घेतला, बिस्किट घेतलं.

‘ठराव लिहून ठेवा म्हणजे रविवारी वेळ जायला नको. तात्यांचं नाव, सूचक मी, अनुमोदक कोळीवाड्यातला कुणी तरी. तेवढं बरं दिसेल.’

यात नवीन काही नाही. ठराव नेहमीच आदल्या दिवशी लिहिलेला असतो. बैठकीत मी फक्त वही उघडी करून पुढे सरकवते. ‘सर्वानुमते’ हा शब्द मी कधीही सगळ्यांना विचारल्यानंतर लिहिलेला नाही. इतक्या वर्षांत मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कामाचा उरक वाटला. अक्षर चांगलं येतं निवांत लिहिलं की.

मी म्हटलं, ‘कुणी हरकत घेतली तर?’

‘कोण घेणार?’

‘समजा मीच.’

ते हसले. ‘सुमतीबाई, तुम्ही कथा लिहिता म्हणून तुम्हांला असं सुचतं. चिटणीस हरकत घेत नसतो हो. आणि तात्यांच्या नावाला? तुम्ही?’ उठताना चपला घालत म्हणाले, ‘म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून तुमच्याने होणार नाही.’

माणूस लबाड आहे, पण मला ओळखतो.


गुरुवार, ४ जाने.

वही उघडली. तारीख घातली. उपस्थितांची नावं घालायला ओळी सोडल्या. पुढे पान कोरं.


शुक्रवार, ५ जाने.

हिराबाई आली. मासळी दिली, बोंबील मोठे होते. जाताना पाटी डोक्यावर चढवायला मी हात लावला. ती पदर सावरून गेली.


शनिवार, ६ जाने.

ठरलं आहे. हिराबाई. लिहून टाकलं की बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही.

नुसतं मी हरकत घेऊन भागणार नाही. कर्णिक म्हणतील, ‘चिटणीसबाईंची भावना आपण नोंदवून घेऊ’, आणि पंखा फिरत राहील. कोळीवाड्याचे दोघे माझ्याकडे बघतील, मग टेबलाकडे. वॉर्डात आजवर कुणी मतदान मागितलं नाही. ज्याचं नाव ठरलंय त्यानेच मागितलं, तर मात्र कर्णिकांना नाही म्हणता येणार नाही. असा माणूस उद्या तिथे एकच.

तात्या हे करणार नाहीत. का करावं? न मागता मिळत असलेलं, इतक्या वर्षांनी, कोट उन्हात घालून झालेला. काकीचं तोंड डोळ्यांपुढून हलत नाही. हे मागणं म्हणजे त्यांना तिसऱ्यांदा पेन देण्यासारखं आहे, फक्त या वेळी देणारी मी उघड आहे. ते पत्र वाचतील, घडी घालतील, ‘तू पण?’ एवढंही म्हणणार नाहीत. कदाचित पुन्हा कधी घावणे पुढ्यात येणार नाहीत.

तरी लिहिलं. तीनदा फाडलं, चौथ्यांदा लिहिलं. मा.ला वाचून दाखवलं नाही. मीच नेऊन देणार आहे, आत्ता, दुपारीच, म्हणजे वाचताना मी समोर असेन. नक्कल इथे ठेवते.

ती. तात्या,

उद्या कर्णिक तुमचं नाव घेतील आणि हरकत विचारतील. हरकत मी घेणार आहे. चिठ्ठ्या पडल्या तर माझ्या चिठ्ठीवर हिराबाईंचं नाव असेल. हे तुम्हांला तिथे सगळ्यांसमोर कळण्याऐवजी आज माझ्याकडून कळावं म्हणून आले.

मागच्या दोन्ही वेळी मला तुम्ही हवे होतात. दोन्ही वेळा मी गप्प बसले आणि त्याला ‘सर्वानुमते’ म्हणून लिहिलं. तुमच्या बाजूचे किती होते ते तुम्हांला कळलं नाही, त्याला मीही कारण आहे. उद्या मी गप्प बसले तर हिराबाईंचंही तसंच होईल. तुमचं नाव ठरेल, पण किती जण तुमचे होते ते तुम्हांलाही पुन्हा कळणार नाही.

नाव मागे घ्या असं मी म्हणत नाही. तुमचं नाव राहू दे, तुमचा हक्क आहे. मोजणीत तुम्ही जिंकलात तर तुमचं पत्रक मी लिहीन, या खेपेला तुम्हांला विचारून, तुमच्याच शब्दांत. काकीला मात्र मी काहीच सांगू शकलेले नाही.

माझं ऐकणार नाहीत ते तुमचं ऐकतील. म्हणून, तुमच्याकडे हे मागायचा मला काही अधिकार उरलेला नाही हे माहीत असूनही विचारते: उद्या तुमचं नाव घेतलं गेल्यावर, चहा यायच्या आत, तुम्हीच उठून ‘चिठ्ठ्या टाका आणि मोजा’ असं म्हणाल का?